'ने' कुणाचा?

'रामाने आंबा दिला' या मराठी वाक्यात आंबा रामाच्या हातून दुसऱ्याकडे जातो. आता हे गुजराती वाक्य पाहा : 'रामने केरी आपी'. केरी म्हणजे आंबा, आपी म्हणजे दिली. मराठी वाचक सवयीने इथेही रामालाच देणारा समजेल. पण गुजरातीत आंबा रामाला मिळालेला आहे. देणारी कोणी वेगळीच : 'सीताए रामने केरी आपी'. देणारीच्या नावाला 'ए' लागला आणि घेणाऱ्याच्या नावाला 'ने'. तलासरीहून उंबरगावला पोचेपर्यंत, म्हणजे राज्याची हद्द ओलांडताच, तोच राम त्याच प्रत्ययासह दात्याचा याचक होतो.

अनुवाद करणाऱ्यांना शब्दांचे खोटे मित्र ओळखीचे असतात. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. हे पहिल्याच वर्षी कळतं. पण शब्द निदान कोशात सापडतात. 'ने' इतका लहान आहे की त्याच्यासाठी कोणी कोश उघडत नाही. आपल्याला तो पाठ असतो, म्हणून तो कळलेलाच आहे असं आपण धरून चालतो. या एका अक्षराचा इतिहास मात्र भाषांच्या नात्यांबद्दलच्या आपल्या लाडक्या समजुती तपासायला लावतो. म्हणून आधी, कोणती भाषा या अक्षराला काय काम देते ते पाहू.

मराठीत 'ने' दोन कामं करतो. तो कर्ता दाखवतो ('मुलीने पत्र लिहिलं') आणि साधनही दाखवतो ('पेनाने लिहिलं', 'बसने आली', 'तापाने फणफणली'). अनेकवचनात त्याचा 'नी' होतो. पण मी, तू, आम्ही, तुम्ही यांना तो लागत नाही. 'मी पत्र लिहिलं' यात क्रियापद पत्राचं ऐकतं, माझं नाही. तरीही माझ्या अंगावर खूण कसलीच नाही.

हिंदीत 'ने' फक्त कर्त्याचा, आणि तोही सकर्मक क्रियापदाच्या पूर्ण झालेल्या क्रियेत : 'लड़की ने चिट्ठी लिखी'. साधनाशी त्याचा संबंध नाही. तिथे 'से' लागतो. मराठीच्या उलट हिंदी 'मैं' आणि 'तू' यांनाही तो चिकटवते. पंजाबी 'राम ने' म्हणते, पण 'मैं रोटी खाधी' म्हणताना मराठीसारखीच 'मैं'ला मोकळं सोडते. शिवाय पंजाबीत एक निराळाच 'ने' आहे : 'ओह जांदे ने', म्हणजे ते जातात. हा क्रियापदातला 'आहेत'. गुजरातीत 'ने' म्हणजे मराठीचा 'ला'; तोच उच्चार 'अने'चं आखूड रूप म्हणून 'आणि' होतो; आणि वाक्याच्या शेवटी येऊन 'आवशो ने?' असं विचारत 'ना?' होतो. मारवाडीतही 'नै' म्हणजे 'ला', आणि कर्ता बहुधा कोरा. हरियाणवीत तर दोन्ही टोकं एकत्र येतात. 'मन्नै रोटी खाई' म्हणजे मी पोळी खाल्ली आणि 'मन्नै रोटी दे' म्हणजे मला पोळी दे. कर्ता आणि घेणारा यांना एकच खूण. कोकणीत 'रामान आंबो खालो' असं येतं आणि पहिल्या पुरुषाचीही वेगळी खूण राहते : जाताना 'हांव', पण केलेलं सांगताना 'हांवें'. आणि मराठीत 'हे घरी ने' यातला 'ने' तर नेणे या क्रियापदाचा, संस्कृत 'नयति'च्या घरचा. त्याचं वरच्या कुणाशीही नातं नाही.

इतकी कामं एका अक्षराकडे पाहिली की पहिला प्रश्न मनात येतो : याची आई कोण? त्याचं एक तयार उत्तर शाळेपासून आपल्याजवळ असतं. संस्कृतात तृतीया 'रामेण', 'बालकेन'; मराठीत तृतीया 'ने, ए, शी'. 'एन'चा 'ने' झाला असणार. हे उत्तर फक्त शाळेतलं नाही. 'हिंदी शब्दानुशासन' लिहिणाऱ्या किशोरीदास वाजपेयींसारख्या स्वतंत्र बुद्धीच्या वैयाकरणानेही हिंदी 'ने' हा 'बालकेन'मधल्या प्रत्ययाचे वर्ण उलटेपालटे होऊन झाला असं मांडलं. उत्तर सुबक आहे. आई प्रतिष्ठित आहे. लेकीचा चेहराही आईसारखा दिसतो.

अडचण अशी की मधल्या पिढ्यांचे कागद वेगळंच सांगतात. 'एन' प्राकृतात 'एण' झाला, अपभ्रंशात झिजून नुसता 'एं' उरला. त्याचा मराठीतला पुरावा आपल्या सगळ्यांच्या माहितीचा आहे; फक्त त्याच्याकडे या नजरेने कोणी पाहत नाही. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली 'श्रीचावुण्डराजें करवियलें' ही ओळ. तिच्या शेजारी 'श्रीगंगराजे सुत्ताले करवियले'. गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभीचा. पहिलं मराठी वाक्य कोणतं याबद्दल आपण पुष्कळ भांडलो. पण त्या वाक्यात कर्ता आहे, भूतकाळी सकर्मक क्रियापद आहे आणि 'ने' नाही, हे मला त्या वादाहून मोलाचं वाटतं. आज आपण 'चावुंडराजाने करवले' म्हणू. तेव्हा 'चावुंडराजें' पुरत होतं. संस्कृत 'एन'चा खरा वारस हा 'एं' आहे, आणि तो अजून जिवंत आहे. 'ने, ए, शी' या पाठांतरातला मधला 'ए' तोच. 'पुणेमार्गे'मधला तोच. आणि 'जेणेकरून' म्हणताना आपण आठशे वर्षांपूर्वीची तृतीया जशीच्या तशी उच्चारतो.

'एं' हा जर थोरला वारस, तर 'ने' कुठून आला? रचनेकडे पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. 'देवें' यात प्रत्यय नामाच्या अंगात मुरलेला आहे. 'देवाने' यात तसं नाही. आधी देवचं सामान्यरूप 'देवा' होतं आणि मग 'ने' बाहेरून येऊन बसतो. जसे 'देवाला', 'देवाचा', 'देवापाशी', 'देवामागे'. सामान्यरूपाला चिकटणारी ही मंडळी बहुतेक कधीकाळी स्वतंत्र शब्द होती. 'पाशी'त पार्श्व म्हणजे कूस आहे, 'मागे'त मार्ग आहे. 'ने' त्यांच्या पंगतीत बसलेला दिसतो, 'एं'च्या नाही. जुन्या मराठीतल्या 'तेणें', 'जेणें' या सर्वनामांतला शेवट सुटा होऊन पसरला असेल, ही दुसरी वाट मोकळी आहेच. पण तीही 'रामेण'पासून 'रामाने'पर्यंतची सरळ वाट नव्हे.

हिंदीबाबत ही शंका जॉन बीम्स यांनी दीडशे वर्षांपूर्वीच घेतली होती. भारतीय आर्यभाषांच्या तुलनात्मक व्याकरणाचे त्यांचे तीन खंड १८७२ ते १८७९ या काळात निघाले. त्यांचा मुद्दा साधा होता. जो प्रत्यय झिजून स्वरापुरता उरला, तोच पुन्हा पूर्ण 'न' घेऊन कसा उगवेल? शिवाय जुन्या हिंदी काव्यात हा 'ने' सापडत नाही. त्यांनी बोट दाखवलं ते चतुर्थीकडे, म्हणजे 'ला'च्या अर्थाकडे. गुजराती आणि मारवाडी त्यांच्या बाजूने उभ्याच होत्या.

नेमका धागा हाती लागला तो लुइजी पिओ तेस्सितोरी या तरुण इटालियन अभ्यासकाच्या. १९१४ ते १९१६ या काळात 'इंडियन अँटिक्वेरी'त त्याने जुन्या पश्चिमी राजस्थानीच्या व्याकरणावरची टिपणं छापली. १९१९ मध्ये, वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी, तो बिकानेरला वारला. जैन हस्तलिखितं वाचताना त्याला 'कन्हइं' हा शब्द जवळ, पाशी या अर्थाने पुन्हा पुन्हा भेटला. त्याने तो अपभ्रंशातून मागे नेत कानापर्यंत पोचवला. कर्ण, कण्ण, कन्ह. कानाशी म्हणजे जवळ. जवळ म्हणजे त्याच्याकडे. त्याच्याकडे म्हणजे त्याला. पुढे आरंभीचा 'क' गळाला आणि 'नइं', 'नै', 'ने' उरले. मूळ शब्द संपलेला नाही. राजस्थानात 'कनै' आजही जवळ या अर्थाने बोलतात आणि पश्चिम उत्तर प्रदेशात 'मेरे कने पैसे ना हैं' असं सहज ऐकू येतं.

कानापासून 'ला'पर्यंतचा प्रवास एकवेळ पटतो. पण 'ला'पासून कर्त्यापर्यंत? मराठी माणसाला हे अवघड वाटू नये. 'मला हे पत्र लिहवत नाही' यात लिहिणारी मीच, पण 'ला' घेऊन. 'माझ्या हातून पेला फुटला' यात फोडणारी मी, पण जबाबदारी हाताकडे. 'माझ्याकडून राहून गेलं' यात एक दिशा कर्ता झाली. कर्त्याला आपण उघड्यावर फारसं उभं करत नाही. कधी हाताआड, कधी बाजूला, कधी देणेकऱ्याच्या जागी ठेवतो. मग कुणी कानाशी ठेवला तर नवल काय? तेस्सितोरीचं उत्तर सर्वांनी मान्य केलेलं नाही. पण हरियाणवी 'मन्नै'मध्ये 'मी' आणि 'मला' एकाच रूपात नांदताना ऐकले की बीम्स आणि तेस्सितोरी यांची बाजू माझ्या कानाला तरी जड वाटते.

'एन'ची गोष्ट खोटी ठरली तर बिघडलं काय, असं कुणी विचारेल. बिघडतं ते असं. एकच आई मानली की लेकींमधले फरक चुका ठरतात. मग गुजराती 'ने' भरकटलेला, मारवाडी 'नै' गावंढळ, आणि ज्यांच्या बोलण्यात तो नाहीच ते अडाणी. प्रत्यक्षात 'ने' नसलेल्या बोलींचा प्रदेश केवढा मोठा आहे. तुलसीदासांच्या अवधीत कर्त्याला 'ने' लागत नाही. भोजपुरीत लागत नाही. आपल्या शेजारची दखनी पाहा. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची माणसं दौलताबादेत आणली, त्यांच्यासोबत त्यांची बोली देवगिरीच्या पायथ्याशी आली. पुढच्या शतकांत ती मराठी, कन्नड आणि तेलुगूच्या सहवासात वाढली. तिथे 'ने' ढिला पडत गेला. हैदराबादेत आजही 'मैं रोटी खाया' हे चालतं बोलणं आहे.

या ढिल्या 'ने'मुळे युरोपीय व्याकरणकार नापास झाले, ही गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते. हिंदुस्तानीचं पहिलं व्याकरण १६९८च्या सुमाराचं, डच कंपनीच्या केटेलार यांचं. दुसरं अठराव्या शतकाच्या मध्याला हाले इथे छापलेलं, बेंजामिन शुल्झ या मिशनऱ्याचं. ग्रियर्सननी 'लिंग्विस्टिक सर्व्हे'त दोघांची परीक्षा घेतली आणि शेरा मारला की कर्त्याच्या 'ने'चा यांना पत्ता नाही. उलट केटेलार 'आप' हा शब्द गुजरातीप्रमाणे 'आपण' या अर्थाने शिकवतो. पण केटेलार सुरतेला राहिलेला, शुल्झ मद्रासकडचा. एकाच्या कानावर गुजरात, दुसऱ्याच्या कानावर दखनी. मला वाटतं, निदान शुल्झ तरी चुकला नसावा. त्याने ऐकलं ते लिहिलं. परीक्षकाची उत्तरपत्रिका मात्र दिल्लीची होती.

आणि त्या उत्तरपत्रिकेच्या घरात मी राहते. गाझियाबाद हा जिल्हा १४ नोव्हेंबर १९७६ रोजी मेरठमधून वेगळा निघाला. ज्या खडी बोलीवर प्रमाण हिंदी उभी राहिली तिचा मूळ मुलूख मेरठच्या आसपासचा. राहुल सांकृत्यायन तिला कौरवी म्हणत. म्हणजे हिंदीचा 'ने' जिथला, ते हेच गाव. पण इथे कान देऊन फिरलं तर प्रमाण 'ने' सगळ्यात कमी ऐकू येतो. मुरादनगरकडून भाजी घेऊन येणारी बाई 'मन्नै के बेरा' म्हणते. फाळणीनंतर इकडे आलेल्या पंजाबी कुटुंबातल्या आजी 'मैंने जाना है' म्हणतात. पूर्वांचल-बिहारमधून हिंडनपारच्या इमारती बांधायला आलेला गवंडी 'हम खाना खाए हैं' म्हणतो. तिघांचीही मुलं एकाच वर्गात बसतात आणि तिघांच्याही वहीत लाल रेघ येते. ज्या बोलीवरून प्रमाणभाषा घडली, तिच्याच नातवंडांना ती परकी म्हणून शिकवली जाते.

या तिन्हींत सर्वांत जास्त बोलणी खातो तो 'मैंने जाना है'. नियमाप्रमाणे 'मुझे जाना है' हवं. दिल्लीतल्या सुशिक्षितांना हा पंजाबीचा डाग वाटतो. पंजाबीत 'ओहने जाणा ए' हे शुद्धच आहे. तेच हिंदीत आणताना लोकांनी हिंदीच्या रीतीने 'मैं'लाही 'ने' लावला. पण हा केवळ डाग नाही. १९९९ मध्ये एलेना बशीर यांनी उर्दू-हिंदीतल्या या बदलत्या 'ने'वर लिहिलं आणि त्यानंतर इतरांनीही दाखवलं की जिथे दोन्ही रूपं चालतात तिथे ती सारखी राहत नाहीत. 'उसको जाना है' यात परिस्थितीचा दाब येतो. 'उसने जाना है' यात त्याचा स्वतःचा बेत, त्याचा वाटा येतो. भाषेला एक जास्तीची खूण सापडली की ती तिला कामाला लावतेच.

मराठी माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. 'त्याला जायचंय' आणि 'त्याने जायचं' ही आपल्याकडे दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात त्याची ओढ किंवा गरज. दुसऱ्यात कामाची वाटणी. 'जाणे' अकर्मक, क्रिया अजून घडलेली नाही, तरीही 'त्याने जावं', 'तिने यावं' यांत 'ने' निर्धास्त बसतो. प्रमाण हिंदीत ही जागाच नाही. तिथे ओढ, गरज आणि वाटणी तिन्हींना एकच 'को' आहे. म्हणजे या एका बाबतीत पंजाबी आजींची 'अशुद्ध' हिंदी मराठीच्या जास्त जवळ उभी आहे.

हे सगळं माझ्यासाठी पुस्तकी राहत नाही, कारण मला त्यावर रोज निर्णय घ्यावे लागतात. एका मराठी कथेचा मी हिंदी अनुवाद करत होते. दवाखान्यात आई, दारात तीन भाऊ, आणि थोरला म्हणतो, 'आज रात्री धाकट्याने थांबायचं.' मी लिहिलं, 'आज रात रुकना छोटे ने है.' मुद्रितशोधनातून ते 'छोटे को' होऊन आलं आणि पुस्तकात तसंच छापलं गेलं. वाक्य निर्दोष आहे. पण 'छोटे को रुकना है' हे धाकट्याच्या मनातलं असू शकतं, नशिबातलं असू शकतं. थोरल्याने, स्वतः न थांबता, दुसऱ्याच्या वाट्याला टाकलेली ती रात्र त्या वाक्यात उरलेली नाही. कथेचं सगळं दुखणं त्या एका अक्षरात होतं.

उलट दिशेनेही हेच. हिंदी कथेतली गाझियाबादची सून 'मैंने नहीं जाना' म्हणते तेव्हा 'मला जायचं नाही' हे भाषांतर अपुरं पडतं. तो 'मुझे नहीं जाना'चा अनुवाद झाला. तिचा 'ने' ऐकायचा तर मराठीत 'मी नाही जायची' म्हणावं लागतं. पहिलीत अनिच्छा आहे, दुसरीत नकार आहे. मूळ लेखिकेने व्याकरणाची चूक केलेली नसते. तिने गल्लीतलं व्याकरण अचूक उतरवलेलं असतं.

या साऱ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो हिंदीचा 'मैंने'. 'मैं' हे मुळात प्रथमेचं रूपच नव्हे. ते संस्कृत 'मया'चं, अपभ्रंशातल्या 'मइं'चं, म्हणजे तृतीयेचं रूप आहे. प्रथमा होती ती 'हौं'. ब्रजभाषेने ती जपली, आणि गुजरातीत 'हुं' आणि 'में' अजून आपापल्या जागी आहेत. हिंदीने 'हौं' टाकला, 'मैं'ला त्याच्या गादीवर बसवलं, आणि मग हा मुळात 'माझ्याकडून' होता हे विसरून त्याला पुन्हा 'ने' लावला. 'मैंने' म्हणजे 'माझ्याकडून-कडून'. आज शाळेत जी शुद्धतेची खूण म्हणून शिकवली जाते, ती अशी विस्मरणातून घडलेली आहे. हिंदीचं त्यात काही बिघडलं नाही. आजींच्या 'मैंने जाना है'मुळेही बिघडणार नाही. माझ्या पुढच्या हस्तलिखितात असे 'ने' मी ठेवले आहेत, आणि मुद्रितशोधकासाठी समासात प्रत्येकाचा अर्थ लिहिला आहे.